बाई ठेवली

३ फेब्रुवारी

ठमे,

तुला आणि जावईबापूंना आम्हा दोघांचे आशीर्वाद. दोघांचे म्हणजे माझेच धर. तुझ्या बाईला विचारलं, लेकीला काय लिहू, तर म्हणाली, "आधी पालकांना घेऊन या."

फोन का लागत नाही म्हणून तू घाबरली असशील. फोन आता नाही. बाईने रिसीव्हर दुधाच्या पातेल्यात घातला आणि वर झाकण ठेवलं. तसंही मला त्याच्यातून धड ऐकू येत नव्हतं, तू डब्यात तोंड घालून बोलतेस असं वाटायचं. नवा घ्यायचा नाही असं ठरवलंय. म्हणजे आता पत्रच. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ते तुला ठाऊक आहे. आजवर माझं प्रत्येक पत्र बाईच्या हाताखालून गेलं. लाल पेनने खाडाखोड करायची आणि वर "पुन्हा लिहा" म्हणायची. बालवर्गाची बाई, गल्लीची बाई, त्या पोरांचं ऐकून तूही तिला आई न म्हणता बाईच म्हणायला लागलीस. मला मात्र तिने जन्मभर वर्गातच बसवलं. आता हे पत्र चुकांसकट येतंय. सांभाळून वाच.

मुद्द्याचं लिहितो. बाई चालते, खाते, पण घर ओळखत नाही. गॅस चालू करते आणि विसरते. परवा कडी काढून जिन्यात जाऊन उभी राहिली आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना म्हणाली, ओळीत उभे राहा. ते बिचारे उभे राहिले. आंघोळीला मी तिला धरून स्टुलावर बसवतो. माझी कंबर आता आवाज करते. तिला ऐकू येतो तो आवाज, विचारते, "कोण बोललं?"

खालचा इस्त्रीवाला म्हणतो, माणूस ठेवा. म्हणून घरी माणसं पाठवणाऱ्या कचेरीत जाऊन आलो. दिवसभराचं माणूस ठेवलं तर बाईची पेन्शन सगळी जाते आणि वर माझ्या शिलकीतूनही घालावे लागतात. चोवीस तासांचं म्हटलं तर तिच्यासारख्या दोन बायांची पेन्शन लागेल. दोन तासांचं परवडतं, पण दोन तासांत काय होणार? ती काय वेळ ठरवून पडणार आहे?

राहता राहिली टेकडीच्या रस्त्यावरची संस्था. तिथे पेन्शनीत सगळं बसतं. पण ते नाव काढू नको. मी बघून आलो. स्वच्छ आहे, नावं ठेवायला जागा नाही. बायका भिंतीला लागून खुर्च्यांवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. मी दार उघडलं तशा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटलं, मी तिचाच आलोय. मी काही न विचारता परत फिरलो.

जन्मभर दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. काटा मध्ये येत नसला की मी आधी पासंग बघायचो. इथे सगळीकडून बघितलं, काटा येत नाही. पण प्रश्न फक्त उन्हाळ्यापर्यंतचा आहे ना? उन्हाळ्यात तू दोघांना तिकडे नेणार, ती खिडकीवाली खोली आमची. बाईची बॅग मी आत्ताच भरून काट्यावर ठेवून बघितली. विमानवाले घेतील तेवढ्यातच बसते.

तेवढे महिने कसे काढू, ते कळव.

तुझा बाप


१९ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. चुका फारशा नाहीत, उगाच स्वतःला कमी लेखू नका. जिन्यातल्या गृहस्थांचं वाचून हे खूप हसले. मी पण हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले.

माणूस ठेवा, बाबा. दिवसभराचं ठेवा. वरचे पैसे मी दर महिन्याला पाठवते, पहिले या पत्राबरोबरच पाठवलेत. शिलकीला हात लावू नका. मात्र ठेवाल ते नीट पारखून ठेवा. ओळखीचं कुणी असेल तर बरं. आंघोळीला तुम्ही एकट्याने तिला उचलायचं नाही, हे मी हात जोडून सांगते.

उन्हाळ्याचं बघू. कागदपत्रांना वेळ लागतोय आणि यांच्या कामाचंही जरा खालीवर चाललंय. खोली काही पळून जात नाही.

आणि बाबा, सगळ्या बाजूंनी विचार करा. संस्थेचाही. मी नुसतं म्हणतेय.

बाईचा पापा घ्या माझ्या वतीने. चिडली तर म्हणावं, मधल्या सुट्टीत घेतला.

तुमची ठमी


८ मार्च

ठमे,

पैसे मिळाले. एवढे कशाला पाठवलेस? तुम्ही तिकडे पोटाला चिमटा काढत नाही ना? खरं सांग. मला पैशाची झोपेत स्वप्नं पडतात आणि स्वप्नातही ते कमीच पडतात.

संस्थेचं तू नुसतं म्हणालीस, म्हणून मीही नुसतंच वाचलं.

कचेरीने पहिली बाई पाठवली ती आल्याआल्या विचारती झाली, टीव्ही कुठे आहे? टीव्ही बिघडलाय म्हटल्यावर तिचीच तब्येत बिघडली. दुसरी चांगली होती, हसतमुख, हात दणकट. पण तुझ्या बाईने तिला समोर उभं केलं आणि पाढे विचारले. बारा सत्ते म्हटल्यावर ती अडकली. बाई म्हणाली, "बाहेर उभी राहा." ती खरंच जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच घरी गेली. कचेरीवाली मॅडम मला म्हणते, "आजोबा, पेशंटला तुम्हीच समजून घ्या." मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं तेच करतोय, तुमच्याकडे कुणी शिकलेलं असेल तर पाठवा.

या भानगडीत आठवडा गेला. मी एकटाच. गुरुवारी ती पलंगावरून उतरताना घसरली, मी सावरली, पण माझं मनगट मुरगळलं. उजवंच. तू हात जोडून सांगितलं होतंस ते आठवलं, पण त्या वेळी माझे दोन्ही हात तिच्या काखेत होते.

खोली पळून जात नाही हे तुझं वाक्य मी बाईला वाचून दाखवलं. म्हणाली, "खोली नाही पळत, मुलं पळतात." वर्गाचंच बोलत होती, तू मनाला लावून घेऊ नको.

गॅसची चावी मी आता खिशात ठेवतो. झोपतानाही.

तुझा बाप


२२ मार्च

ठमे,

मनगट सुजलंय, म्हणून कार्डावर चार ओळी. बाई ठेवली. सोमवारपासून. कागदांवर सह्या झाल्या, महिन्याचे आगाऊ भरले. पहिल्या दिवशी बुजून कोपऱ्यात बसली होती, दुसऱ्या दिवशी थोडी बोलली. जेवण नीट घेते. स्वभावाने गरीब आहे, कुणाला त्रास होणार नाही. मला दुपारी जरा डोळा लागतो, घर शांत असतं. आता तू घोर लावून घेऊ नको.

तुझा बाप


५ एप्रिल

प्रिय बाबा,

कार्ड वाचलं आणि हातातली पिशवी तशीच घेऊन दारात बसले. बाई ठेवली. दोनच शब्द लिहिलेत तुम्ही, पण ते लिहिताना तुमचं काय झालं असेल ते मला इथे बसून कळतंय. मनगटाचं तुम्ही सांगता, पण त्याहून जास्त तुम्हाला लिहवलंच नसणार.

बाबा, योग्य केलंत. मला कितीदा लिहायचं होतं, हात धजला नाही. पोटची पोर कुठल्या तोंडाने म्हणणार? तुम्ही न विचारता केलंत, त्यामुळे माझ्या डोक्यावरचा दगड उतरला. वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या दिवशी बुजली, पण दुसऱ्या दिवशी बोलली ना? तिला भोवती माणसं लागतात. आणि खरं सांगायचं तर तिला कळणारही नाही, घर काय नि संस्था काय. कळतंय ते तुम्हाला. घर शांत असतं असं लिहिलंत, त्या ओळीपाशी मी थांबले.

आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. ती खिडकीवाली खोली आमच्याकडे नाही. मागच्या वर्षी यांचं काम सुटलं, तेव्हापासून तिथे भाडेकरू आहे. तुम्हाला पाठवले ते त्याच्याच भाड्यातले. मुलगा सरळ आहे, दात घासताना गातो एवढंच. तुम्ही दर पत्रात उन्हाळा उन्हाळा लिहीत होता आणि मी बघू बघू. बाईला इथे आणणं आम्हाला कधीच जमणार नव्हतं, बाबा. तिच्या आजाराला इथे कुणी विमाही देत नाही. हे सांगायचं धैर्य नव्हतं.

आता सगळं पेन्शनीत भागतंय, तर पुढच्या महिन्यापासून मी पैसे थांबवले तर चालेल का? घराचे हप्ते तुंबलेत. तुम्हाला कमी पडत असेल तर मात्र स्पष्ट लिहा.

आणि तुम्ही या. एकट्याचं तिकीट जमेल. हॉलमध्ये पलंग टाकू.

तुमची ठमी


१८ एप्रिल

ठमे,

चूक माझी आहे. तुझी काही नाही.

बाई ठेवली म्हणजे कामाची बाई ठेवली. कचेरीने पाठवलेली तिसरी. तुझ्या बाईला मी कुठेही ठेवलेलं नाही. ती इथेच आहे, समोर बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालतेय. पहिल्या दिवशी बुजली ती कामाची बाई. जेवण नीट घेते तीही तीच, कारण आधीच्या दोघी आपल्याकडचं काही खातच नव्हत्या. घर शांत असतं, कारण ती दुपारी तुझ्या बाईच्या पायाला तेल लावते आणि दोघी झोपतात.

तुझं पत्र वाचल्यावर मी कार्डावर काय लिहिलं होतं ते आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं. तुझ्या बाजूने वाचलं तर तू वाचलंस तसंच होतं. बाई असती, म्हणजे आहेच, पण पूर्वीसारखी असती, तर तिने 'बाई'खाली लाल रेघ मारून विचारलं असतं, "कोणती?" तेवढा एक शब्द माझ्याकडून राहिला.

तू लिहिलंस ते खोटं नाही, ठमे. मी रागावलेलो नाही. चोरून ऐकणाऱ्याच्या कानावर चांगलं पडत नाही म्हणतात, तसं माझं झालं. मी चोरून ऐकलं नव्हतं, तरी झालं.

भाडेकऱ्याला काढू नको. गातो म्हणजे पोट भरलेलं आहे, भाडं वेळेवर देईल. पैसे थांबव. मला कमी पडत नाहीत. हप्ते आधी भरा, डोक्यावरचं छप्पर गेलं तर दात घासायलाही जागा राहणार नाही. जावईबापूंचं काम गेलं ते मला सांगायचं होतंस. मी काय केलं असतं? काही नाही. पण निदान एवढे आशीर्वाद तरी कामाच्या जागी खर्च केले असते.

बॅग रिकामी केली. तिच्यात बाईचे लोकरीचे कपडे होते, ते इथेच लागतील.

कामाच्या बाईला आम्ही आता 'दुसऱ्या बाई' म्हणतो, पुन्हा घोटाळा नको. त्या चांगल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी तुझ्या बाईला सांगितलं, मला पाढे येत नाहीत, तुम्ही शिकवा. आता रोज बेचा पाढा चालतो. बे पंचे दहा झालं की बाई पुन्हा बे एके बेला येते. दुसऱ्या बाई तक्रार करत नाहीत.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. घर काय नि संस्था काय, तिला कळणार नाही. काल मी तिला विचारलं, हे घर कुणाचं? म्हणाली, "शाळेचं." म्हटलं, मग शाळा सुटली की कुठे जायचं? तिने मलाच विचारलं, "सुटते कधी?"

तुझा बाप


३० एप्रिल

बाबा,

ते पत्र फाडून टाका. जाळा. मला आठवलं की अंगावर काटा येतो. मी जे लिहिलं ते झालेल्या गोष्टीला लिहिलं होतं. झालेल्या गोष्टीला माणूस बरंच म्हणतो ना, बाबा? तुमच्या समाधानासाठी म्हणतो. त्याचा अर्थ तसं करा असा होत नाही.

भाडेकऱ्याला मी जागा सोडायला सांगितलंय. हे नको म्हणतात, मी ऐकणार नाही. मी आठवड्यात दोन जादा पाळ्या धरल्यात. पैसे पाठवते, ते परत करू नका. दुसऱ्या बाईंना सोडू नका. मी येईपर्यंत काहीही करू नका. बाईला कुठे ठेवू नका.

लगेच लिहा.

ठमी


१९ मे

बाबा,

उत्तर नाही. पैसे पोचल्याचंही कळलं नाही. रागावला असाल तर तसं लिहा. नुसतं 'मिळालं' एवढं तरी लिहा.

ठमी


२७ मे

ठमे,

मिळालं. पत्र मिळालं, कार्ड मिळालं, पैसेही मिळाले. रागावलो नव्हतो. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, काल काढलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय.

दुसऱ्या बाईंना रविवारी सुट्टी असते. तुला मागचं पत्र टाकलं त्यानंतरच्याच रविवारी दुपारी बाईला न्हाणीघरात नेलं, ती स्टुलावरून उठायला लागली, मी धरायला गेलो आणि दोघेही खाली आलो. ती माझ्यावर, मी हातावर. तिला लागलं नाही. मला उठता येईना आणि ती उठायचं विसरून गेली. घराच्या दाराला आतून वरची कडी होती, बाई जिन्यात जाऊ नये म्हणून मीच लावतो. मी ओरडायला लागलो. वरचे गृहस्थ गावाला गेले होते. मी ओरडतोय बघून बाई म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट." पुन्हा ओरडलो, पुन्हा तेच. तिचा तो आवाज तुला आठवत असेल, अख्खा वर्ग गप्प व्हायचा. हाताची घडी तर घालता येत नव्हती, हात मोडला होता. मी डाव्या हाताचं बोट तोंडावर ठेवून पडून राहिलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शहाणा आहे." अंधार पडायच्या सुमाराला इस्त्रीवाला चादरी द्यायला आला, त्याने कडी तोडली.

दुसऱ्या दिवशी कचेरीची मॅडम घरी आली. सगळं बघितलं आणि म्हणाली, आता चोवीस तासांचं माणूस लागेल, तेही दोन पेशंटच्या दराने. मी विचारलं, दुसरा पेशंट कोण? ती माझ्या प्लास्टरकडे बघत राहिली. मी म्हटलं, मॅडम, मी गिऱ्हाईक आहे. म्हणाली, "होता, आजोबा."

तू पाठवलेले धरून हिशेब केला. तुझ्या जादा पाळ्या धरून केला. भाडेकरू गेलेला धरून केला, न गेलेला धरून केला. इतकी वर्षं लोकांचे काटे जुळवले. तुझं घर एका पारड्यात टाकल्याशिवाय हा जुळत नव्हता. ते मी टाकणार नाही. तू शपथ घातलीस तरी.

या वेळी नीट लिहितो, कार्डासारखं नको. तुझ्या बाईला, तुझ्या आईला, टेकडीच्या रस्त्यावरच्या संस्थेत ठेवलं. मागच्या मंगळवारी. दुसऱ्या बाई बरोबर आल्या होत्या, त्या रडल्या. तुझी बाई नाही रडली. आत गेल्यावर भिंतीकडेच्या खुर्च्या बघून तिने विचारलं, "आज पट कमी का?" मग एक खुर्ची मोकळी होती तिच्यावर बसली.

मी रोज जातो. दार उघडलं की सगळ्या बघतात. तीही बघते. पण माझ्यानंतर दूधवाला आला तरी ती तशीच बघते.

भाडेकऱ्याला परत बोलाव. पाळ्या सोड. सोबत तुझे पैसे परत पाठवतोय. तुझं ते पत्र मी फाडलं नाही, पण त्याचा तुला कधी जाब विचारणार नाही. तुझ्या म्हणण्यावरून मी हे केलेलं नाही. तू आधीच बरं म्हणाली होतीस, त्याने मला तिथपर्यंत चालत जाता आलं, एवढंच. हॉलमधल्या पलंगाचं मात्र नको. इथे मी अजूनही दुधाचं पातेलं लपवून ठेवतो, गॅसची चावी खिशात ठेवतो, तिकडे तसं काही लागणार नाही. मग मी काय करू?

तुझा बाप

ता. क. पत्र टाकण्याआधी आज तिच्याकडे नेलं. घरातलं लाल पेन शोधून बरोबर नेलं होतं. म्हटलं, बाई, तपासून द्या. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. कुठेही रेघ मारली नाही. तुला दिसतीलच किती चुका आहेत त्या. खाली कोपऱ्यात लाल खूण आहे ती तिची. जन्मात पहिल्यांदा तिने माझं पत्र बरोबर दिलं.